पत्ते पिसले कुणी, आणि लबाडी केली कुणी?

घरात चार मुलं जमली की पत्त्यांचा डाव पडायचा, आणि डाव पडला की भांडण व्हायचंच. हे काही आजचं नाही. लहानपणी आपणही "रडीचा डाव" म्हणून एकमेकींच्या वेण्या ओढल्या आहेत. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे भांडण झालं, ते पोरांच्या डावावरून सुरू होऊन नणंद-भावजयीपर्यंत येऊन पोचलं. म्हणून मैत्रिणींनो, ते सविस्तर सांगते.

माझ्या धाकट्या वन्सं न्यू जर्सीला असतात. तिकडच्या शाळांना जूनअखेर सुट्टी लागली की त्या मुलाला घेऊन तीन आठवडे माहेरी येतात. भाचा चौदा वर्षांचा, माझा मुलगा तेरा. यंदा भाच्याने येताना तिकडच्या एका खेळाचे दोन गठ्ठे आणले होते. आपल्या बावन्न पत्त्यांचा हा खेळ नव्हे. रंगीत चित्रांचे, बारीक अक्षरांत मजकूर असलेले पत्ते. मुलं ते विकत घेतात, जमवतात, आपसांत बदलतात आणि त्यांतून निवडून आपापला गठ्ठा बांधतात. खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'.

पहिले आठ दिवस दोघं गुण्यागोविंदाने खेळली. माझा मुलगा सारखा हरायचा, पण नवा खेळ म्हणून खपवून घेत होता. नंतर एकाएकी तो जिंकायला लागला. दोन दिवसांनी एका रविवारी दुपारी, मी भजी तळत असताना, दिवाणखान्यातून भाच्याचा आवाज आला, "मामी, हा चीटिंग करतोय! आमच्याकडे असं केलं तर कॉम्पिटिशनमधून बाहेर काढतात!"

माझा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मी पत्ते पिसले ना! तुझ्यासमोर पिसले!"

दोघांनाही समजावलं, भजी खायला घातली. संध्याकाळी तोच खेळ भाच्याच्या लॅपटॉपवर सुरू झाला. तिथे माझ्या मुलाने लागोपाठ चार डाव घालवले आणि लॅपटॉपचं झाकण आपटून म्हणाला, "हा कॉम्प्युटरच लबाड आहे. मला मुद्दाम वाईट पत्ते देतो."

रात्री ओटा पुसताना वन्सं हलकेच म्हणाल्या, "वहिनी, मुलं मुलंच आहेत हो. पण खोटेपणाची सवय वेळीच मोडलेली बरी."

बोलणं एवढंच. पण कुठल्याही आईला ते कसं लागेल, हे तुम्हाला सांगायला नको. मी शाळेत गणित शिकवते. रागाने उत्तर देण्याआधी म्हटलं, एकदा बघू या तरी, पत्ते पिसणं म्हणजे नेमकं काय, आणि लबाडी कुठे सुरू होते.

शिधा आणि सिलिंडर

आधी खेळ थोडा समजून घेऊ. हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी शोधून काढला. ते स्वतः गणितातले डॉक्टरेट आणि कॉलेजात शिकवणारे. १९९३ साली खेळ बाजारात आला आणि पुढे जगभर पसरला. 'जमवायच्या आणि बदलायच्या पत्त्यांचे खेळ' ही जातच त्यातून रूढ झाली.

प्रत्येकाच्या गठ्ठ्यात निदान साठ पत्ते. त्यांत दोन मुख्य प्रकार: एक जमिनीचे पत्ते, दुसरे मंत्रांचे आणि प्राण्यांचे. जमिनीतून शक्ती मिळते आणि त्या शक्तीवर मंत्र चालतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जमीन म्हणजे गॅसचं सिलिंडर आणि मंत्र म्हणजे शिधा. हातात नुसता शिधा आला तर चूल पेटत नाही. नुसती सिलिंडरं आली तर शिजवायचं काय? दोन्ही प्रमाणात आले तरच स्वयंपाक होतो.

साधारण साठांत चोवीस जमिनी ठेवायची पद्धत आहे. सुरुवातीला सात पत्ते हातात येतात. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. गठ्ठा अगदी निर्दोष मिसळलेला असला, तरी शंभर वेळांत चौदा वेळा सात पत्त्यांत एकच जमीन येणार किंवा एकही येणार नाही. आणखी आठ वेळा पाच किंवा त्याहून जास्त जमिनी येणार. म्हणजे शंभरांत बावीस वेळा, कुणाचीही लबाडी नसताना, हात वाईटच येणार. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला जवळ घेऊन विचारलं, "तू नक्की काय करत होतास?"

त्याने निरागसपणे करून दाखवलं. डाव सुरू होण्याआधी तो पत्ते सुलटे मांडायचा: एक जमीन, दोन मंत्र, एक जमीन, दोन मंत्र. गठ्ठा गोळा करून दोन-तीनदा पिसायचा आणि खेळायला बसायचा. "नाहीतर सगळ्या जमिनी एकत्र येतात गं आई. मी फक्त नीट मिसळतो."

नीट मिसळतो! मला हसू आलं आणि पोटात कालवाकालवही झाली.

हातच्या काकणाला आरसा

सासूबाईंच्या कपाटात मेंढीकोटाचा जुना बावन्न पत्त्यांचा जोड असतो. तो काढला. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असे चारी रंग एक्क्यापासून राजापर्यंत क्रमाने लावले. मग आपण सगळ्या जणी पिसतो तसेच पिसले, म्हणजे गठ्ठा एका हातात आडवा धरून दुसऱ्या हाताने थोडे थोडे पत्ते खाली सोडत. असं पाच वेळा केलं. कुठल्याही घरात पाच वेळा पिसले की "पुरे आता, वाट" असंच म्हणतात.

मग पत्ते उलगडून मोजलं. मुळात जे पत्ते एकापाठोपाठ एक होते, त्यांतले किती अजूनही तसेच चिकटून आहेत? एकोणीस जोड्या निघाल्या! बदामची चव्वी, पंजी, छक्की तर लेकुरवाळ्या बाईसारख्या एकमेकींचा पदर धरून बसलेल्या.

पत्ते खरोखर मिसळले असते तर अशा किती जोड्या उरायला हव्या होत्या? गणित सांगतं, सरासरीने एक. फक्त एक.

कारण साधं आहे. आपण पिसतो तेव्हा गठ्ठ्याचे आठ-दहा तुकडे होतात आणि त्या तुकड्यांची जागा बदलते, पण तुकड्याच्या पोटातले पत्ते तसेच राहतात. पोळ्यांची चळत चार-चार पोळ्या उचलून इकडची तिकडे ठेवली, तर त्या चारांतल्या पोळ्या काही वेगळ्या होत नाहीत, तसंच हे.

या विषयावर आयुष्यभर काम केलेले एक गणितज्ञ आहेत, पर्सी डायकोनिस. हे गृहस्थ चौदाव्या वर्षी घर सोडून एका मोठ्या जादूगाराबरोबर फिरतीवर गेले आणि नंतर गणिताचे प्राध्यापक झाले. पत्त्यांच्या हातचलाख्या त्यांना आतून ठाऊक. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आपल्या या घरगुती पिसण्याने बावन्न पत्ते खरे मिसळायचे, तर दहा हजारांच्या घरात वेळा पिसावे लागतील. पाच वेळा पिसून आपण वाटायला बसतो!

दुसरी पद्धत म्हणजे गठ्ठ्याचे दोन भाग करून, अंगठ्यांनी कडा सोडत, फर्रकन एकमेकांत शिरवायचे. सिनेमातले जुगारी पिसतात तशी. त्या पद्धतीबद्दल डायकोनिस आणि डेव्ह बायर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष फार गाजला. बावन्न पत्त्यांना असं निदान सात वेळा करावं लागतं. तीन-चार वेळा केल्याने भागत नाही.

का, ते थोडक्यात सांगते. क्रमाने लावलेला गठ्ठा एकदा असा मिसळला, की त्यात चढत्या क्रमाच्या जास्तीत जास्त दोन माळा गुंफलेल्या असतात. दुसऱ्यांदा केलं की चार, मग आठ, सोळा. पाच वेळा केलं तरी बत्तीसच. पण बावन्न पत्ते नेमके उलट्या क्रमाने लागायला बावन्न माळा हव्यात. म्हणजे पाच वेळा मिसळून काही रचना येऊच शकत नाहीत, नशीब कितीही जोरावर असलं तरी!

मुलाचं गणित आता माझ्या ध्यानात आलं. दोन-तीनदा पिसून त्याची 'एक जमीन, दोन मंत्र' ही मांडणी मोडतच नव्हती. तो पत्ते मिसळत नव्हता, नकळत लावत होता. त्या खेळाच्या स्पर्धांचे नियमही याबाबत कडक आहेत. गठ्ठा असा मिसळलेला हवा की कुठला पत्ता कुठे आहे याचा अंदाज कुणालाच येता कामा नये. स्पर्धा मोठी असेल तर प्रतिस्पर्ध्याचा गठ्ठा आपणही पिसायचा. पत्ते ढिगाढिगांत वाटत जाणं, हे फक्त सुरुवातीला मोजण्यापुरतं एकदा चालतं. त्याला पिसणं मानत नाहीत. आणि खेळणाऱ्यांत एक सरळ तर्क सांगतात: आधी मांडून मग पूर्ण पिसलं, तर मांडणी फुकट गेली. आणि मांडणी फुकट गेली नाही, तर पिसणं खोटं होतं.

सासूबाईंचा मेंढीकोट

मी पत्ते मोजत बसलेली पाहून सासूबाई चष्मा लावून शेजारी आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, हे आम्हाला ठाऊक आहे की! एकेक पत्ता वाटला की सगळ्यांकडे सारखे रंग येतात आणि डाव अगदी मिळमिळीत होतो. पाच-चार-चार असे गठ्ठ्याने वाटले की एकेकीकडे रंगांच्या रांगा लागतात, मग हुकमाला मजा येते."

मी थक्क झाले. कुठलंही पुस्तक न वाचता त्यांनी बरोबर नेम धरला होता. मेंढीकोटात रंगावर रंग टाकायचा असतो, म्हणून उचललेल्या प्रत्येक हातात बहुधा चारी पत्ते एकाच रंगाचे असतात. असे हात एकावर एक ठेवायचे, अर्धवट पिसायचे आणि चौघांत एकेक वाटायचे. मग एका हातातले ते चार पत्ते चौघांकडे एकेक जाणार. सगळ्यांचे रंग सारखे!

ब्रिज खेळणाऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. मोठ्या स्पर्धांत हाताने पत्ते पिसायचं सोडून कॉम्प्युटरने डाव तयार करून द्यायला सुरुवात झाली, तेव्हा जुने जाणते खेळाडू तक्रार करायला लागले: "यंत्राचे पत्ते विचित्र असतात. एखाद्या रंगाचे सात-सात येतात, एखादा रंग मुळी येतच नाही." तपासलं तर यंत्राचे पत्ते हिशेबाप्रमाणे ठीक होते. तेरा पत्त्यांचा हात खरोखर दैवाने आला, तर शंभरांत पस्तीस-छत्तीस वेळा त्यात एखाद्या रंगाचा एकच पत्ता असतो किंवा एकही नसतो. जन्मभर अर्धवट पिसलेल्या पत्त्यांची सवय झालेल्यांना खरं दैव खोटं वाटलं!

माझ्या मुलाचंही तेच झालं होतं. घरी मांडलेले पत्ते खेळून त्याला वाटत होतं, जमिनी अशाच टप्प्याटप्प्याने येतात. लॅपटॉपवर त्या झुंडीने आल्या की यंत्र लबाड. नाचता येईना, अंगण वाकडं.

मग यंत्र अगदी साजूक का?

थांबा, यंत्रालाही मी लगेच प्रमाणपत्र देणार नाही. ते कसं पिसतं ते आधी बघू.

आपल्या भिशीचं उदाहरण घ्या. बारा जणींच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात घालतो, न बघता एक उचलतो, उरलेल्या अकरांतून दुसरी, मग दहांतून तिसरी. कॉम्प्युटर अगदी हेच करतो. बावन्नांतून एक पत्ता, उरलेल्या एक्कावन्नांतून दुसरा. ही रीत फिशर आणि येट्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली आपल्या कोष्टकांच्या पुस्तकात दिली, आणि कॉम्प्युटरला सोयीचं असं तिचं रूप १९६४ साली प्रसिद्ध झालं. एकदा केली की पुरते, सात वेळा करावी लागत नाही.

पण 'न बघता उचलणं' यंत्राला कसं जमायचं? ते तर सांगितल्या कामाचं. ते एखादा सुरुवातीचा आकडा घेतं आणि त्यापासून भराभर वेडेवाकडे वाटणारे आकडे काढत जातं. सुरुवातीचा आकडा कळला, तर पुढचं सगळं कळलं! १९९९ साली एका ऑनलाइन पोकरच्या खेळात नेमकं हेच उघडकीला आलं. तिथे सुरुवातीचा आकडा घड्याळावरून घेतलेला होता: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो. दिवसभरात असे ८ कोटी ६४ लाख क्षण असतात. संख्या मोठी वाटते, पण बावन्न पत्त्यांच्या एकूण रचना ८ वर ६७ शून्यं इतक्या आहेत! त्यांच्यापुढे हे म्हणजे समुद्रापुढे चमचाभर पाणी. शिवाय पत्ते मिसळण्याच्या हिशेबातही चूक होती. काही सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी खेळाडूला स्वतःला दिसणारे पाच पत्ते पाहून कुणाच्या हातात काय आहे ते ओळखून दाखवलं. आता जबाबदार खेळांत याहून पुष्कळ भरवशाच्या रीती वापरतात.

आणखी एक गोष्ट भाच्याने स्वतःच सांगितली. लॅपटॉपवरच्या या खेळात, एकाच डावाचा सामना असेल तर यंत्र सुरुवातीला गुपचूप एकाहून जास्त हात काढतं, आणि त्यांतला जमिनींचं प्रमाण ठीक असलेला हात देण्याकडे त्याचा कल असतो. हे कंपनीने जाहीरपणे सांगितलेलं आहे आणि दोन्ही खेळाडूंना ते सारखंच लागू असतं. म्हणजे पाहा, यंत्र थोडं ढवळाढवळ करतं खरं, पण ती माझ्या मुलाच्या विरुद्ध नव्हे, त्याला मदत म्हणून!

हाताने काढलेल्या चिठ्ठ्याही सोवळ्या असतात असं नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, कुणाला आधी सैन्यात बोलवायचं हे ठरवण्यासाठी वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या कॅप्सूलमध्ये घालून काचेच्या भांड्यातून काढल्या. कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने घातल्या होत्या आणि नीट मिसळल्या नव्हत्या. परिणाम असा, की नोव्हेंबर-डिसेंबरच्या तारखा भराभर आधी निघाल्या. अर्धवट ढवळलेल्या भांड्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या मुलांवर लढाईवर जायची पाळी जास्त येणार होती. संख्याशास्त्रज्ञांनी ही गोष्ट लगेच दाखवून दिली आणि पुढच्या वर्षी पद्धत बदलली. भिशीच्या डब्यात शेवटी घातलेली चिठ्ठी वरच राहते ना, तसंच. आपल्याकडे त्याने फार तर कुणाचा मिक्सर एक महिना लांबतो, तिथे आयांचा जीव टांगणीला होता.

दैव कधी सारखं वाटत नाही

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट फार जाणवली. दैवाने आलेलं म्हणजे एकसारखं पसरलेलं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. रुपया वीस वेळा उडवा. चारपैकी तीनदा तरी त्यात कुठे ना कुठे लागोपाठ चार छापे किंवा चार काटे आलेले दिसतील. एखाद्या मुलाला वीस उडवण्या मनानेच लिहायला सांगा. तो छापा, काटा, छापा, काटा असंच लिहील, फार तर दोन छापे सलग. खरं दैव झुंडीने येतं. माणसाने बनवलेलं दैव रांगोळीच्या ठिपक्यांसारखं शिस्तीत येतं.

आणि झुंड आली की आपण लगेच कुणाला तरी दोषी धरतो. आपल्या आजीच्या काळातली गोष्ट आठवा. लागोपाठ चार मुली झाल्या की घरादाराने सुनेकडे बोट दाखवायचं. चार अपत्यांच्या घरांत साधारण सोळांत एका घरी चारही मुलीच असणार, नुसत्या दैवाने. त्यातून मुलगा की मुलगी हे ठरतं बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर. तरी किती जणींनी त्या पायी जन्मभर टोमणे खाल्ले! पत्त्याच्या डावातली चूक तिथेच संपते. हीच चूक संसारात केली की कुणाचा तरी जन्म जातो.

पैसे लावून ऑनलाइन रमी खेळणाऱ्यांच्या घरीही हेच व्हायचं. हरलं की "पत्ते वाईट वाटले, पुढच्या डावाला भरून काढतो." पण मागचा डाव वाईट गेला म्हणून पुढचा चांगला येईल, अशी आठवण पत्त्यांना नसते. पिसणं शंभर टक्के प्रामाणिक असलं तरी चालवणारी कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा काढूनच घेते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला, तो काही उगीच नव्हे.

"म्हणजे मी चीटिंग केली?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी दोघा मुलांना, वन्संना आणि सासूबाईंना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं. पत्ते क्रमाने लावून सगळ्यांसमोर पिसले, जोड्या मोजायला लावल्या. भाच्याला त्याच्या पद्धतीने पिसायला सांगितलं. तो फर्रकन पिसतो, पण तीनदाच. त्याच्याही गठ्ठ्यात सात जोड्या चिकटलेल्या निघाल्या. त्याचं तोंड एवढंसं झालं.

माझ्या मुलाने सगळं नीट पाहिलं. मग खाली मान घालून विचारलं, "आई, म्हणजे मी चीटिंग केली?"

मैत्रिणींनो, त्या क्षणी "नाही रे बाळा" म्हणावंसं फार वाटलं. समोर नणंद बसलेली. पण खोटं बोलून प्रामाणिकपणा कसा शिकवायचा?

मी म्हटलं, "हो, झाली तुझ्या हातून. पण तुला ते ठाऊक नव्हतं. न कळत झालं ती चूक. आता कळल्यावर पुन्हा केलंस, तर ती लबाडी."

तो गप्प बसला. मग भाच्याकडे वळून म्हणाला, "सॉरी. ते तीन डाव तुझे." भाचा म्हणाला, "नाही रे, मी पण तीनदाच पिसत होतो. पहिल्यापासून खेळू."

वन्सं काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र ओटा त्यांनीच पुसला आणि म्हणाल्या, "वहिनी, त्या दिवशी मी जरा घाईच केली बोलायची." मी म्हटलं, "अहो, तुमच्यामुळेच तर हे सगळं शिकले." मनातली अढी तिथेच सुटली.

त्यानंतर परत जाईपर्यंत दोघं रोज खेळली. एकमेकांचा गठ्ठा एकमेकांनी पिसायचा, असा नियम केला. माझा मुलगा अजून निम्म्याहून जास्त डाव हरतो. पण लॅपटॉपचं झाकण आपटत नाही. वाईट हात आला की म्हणतो, "शंभरातले बावीस."

घरच्या डावासाठी थोडं काही

१. आपल्या नेहमीच्या पद्धतीने पिसून पत्ते मिसळत नाहीत. त्यापेक्षा सगळे पत्ते टेबलावर किंवा सतरंजीवर उपडे पसरा आणि दोन्ही हातांनी, पोहे कालवतो तसे, चांगले मिनिटभर कालवा. लहान मुलांनाही हे जमतं आणि पत्ते दुमडत नाहीत.

२. अंगठ्यांनी कडा सोडून पिसायची सवय असेल तर सात वेळा मोजून पिसा. साठ पत्त्यांचा गठ्ठा असेल तर आठ-नऊ वेळा.

३. एकाने पिसावं, दुसऱ्याने कापावं, तिसऱ्याने वाटावं. भांडणाचं मूळच उरत नाही.

४. पावसाळ्यात पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि कितीही पिसले तरी जोडीनेच फिरतात. वापर झाला की कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवा. मुलांचे महागाचे चित्रांचे पत्ते असतील तर प्रत्येकाला प्लास्टिकचं पाकीट घाला, पण सगळी पाकिटं एकसारखी हवीत. नाहीतर मागूनच पत्ता ओळखू येतो.

५. भिशीच्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या कागदाच्या, सारख्याच घडीच्या असाव्यात. डबा चिठ्ठ्यांनी काठोकाठ भरलेला नसावा. नुसता हलवू नका, हात घालून तळापासून वर कालवा. आणि चिठ्ठी काढायला, ज्याचं नाव त्यात नाही असं एखादं लहान मूल बोलवा.

६. मुलं "कॉम्प्युटर लबाड आहे" म्हणाली तर वाद घालू नका. वही द्या, आणि पुढच्या पन्नास डावांत आलेला प्रत्येक हात, चांगला आणि वाईट, दोन्ही लिहायला सांगा. वाईट तेवढे लक्षात राहतात, चांगले आपण विसरतो. वहीला मात्र दोन्ही आठवतात.